चार आण्यांचा जावई आणि नाल्याचा पाऊस

आमच्या घाटावरचं धुकं एवढं दाट असतं, की श्रावणात मी त्यात खुंटी ठोकतो आणि ओला सदरा वाळत घालतो. दुपारी धुकं विरलं की सदरा आपोआप खाली पडतो. हे मी आल्या-गेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत आलो आहे. पाहुणा हसू लागला की आतून बायकोचा आवाज येतो, "त्या धुक्यानं मापाचा तळसुद्धा ओला झाला नव्हता."

झालं. सदरा तिथंच गळून पडतो.

बुलढाण्याचं पठार जिथं संपतं त्या काठावर आमचं गाव आहे. काठ म्हणजे खरोखर काठ. आमच्या परसातून शेणाची गोवरी निसटली तर ती घाटाखालच्या गावात कुणाच्या तरी चुलीतच जाऊन पडते. घाटावरचे आम्ही आणि घाटाखालचे ते, असे आमच्याकडं माणसांचे दोनच प्रकार. आमच्याकडं हवा गार, त्यांच्याकडं जमीन काळी. आम्ही त्यांना घामट म्हणतो, ते आम्हाला गोटाळ म्हणतात, आणि दोन्हीकडच्या मुली मात्र खुशाल एकमेकांकडं दिल्या जातात.

या दोघांना जोडणारा एक नाला आहे. तो निघतो आमच्या शेतातल्या एका खडकाखालून. तिथं तो एवढासा आहे, की मुंगी तो चपला न काढता ओलांडते. मग बाजूच्या टेकड्यांचं पाणी त्याला मिळतं, पोरगं मिसरूड फुटल्यासारखं अंगानं भरतं, घाटातून उड्या मारत खाली जातं आणि माझ्या सासुरवाडीला पोचेपर्यंत पुरा गुंड झालेलं असतं. तिथून पुढं नदीला, आणि नदी पूर्णेला. बाकी वर्षभर हा गुंड झोपलेला असतो. खालचं गाव त्याच्या पात्रातून बैलगाड्या नेतं, पात्रात क्रिकेट खेळतं, आणि माझा साळा पात्राच्या अगदी कडेला वांगी, मिरच्या, सांभार पिकवतो. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगितलं. नाहीतर ते त्यात इडली बुडवायचे.

तर बायको घाटाखालची. ती लग्न होऊन वर आली तेव्हा तिला पहिल्याच पावसाळ्यात एक गोष्ट कळली. तिच्या अंगणात पडलेला पाऊस थोड्या वेळानं तिच्या भावाच्या दारातून जातो. खाली कोरडं ऊन असतं, माणसं पात्रात निवांत असतात, आणि वर आमच्या टेकड्यांवर आभाळ रिकामं झालेलं असतं. खालच्यांना ते दिसत नाही. दिसतं तेव्हा ते पाणी होऊन आलेलं असतं.

पुढं कधीतरी पाणलोटाच्या योजनेची मंडळी गावात आली. त्यांनी समिती केली, फोटो काढले, उगमाजवळ आमच्या शेतात एक पर्जन्यमापक बसवला आणि गेली. पर्जन्यमापक म्हणजे साधं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली, आणि सोबत रेघा मारलेलं काचेचं माप. समितीत मी होतो. मी त्या नळकांड्याकडं पाहून एक भाषण केलं. ते इतकं मोठं झालं, की भाषण सुरू करताना पेरलेली तूर संपेपर्यंत शेंगेवर आली. बायकोनं भाषण केलं नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला शेतात गेली आणि तिनं बाटली उघडून पाहिली.

तेव्हापासून ती रोज पाहते. रोज म्हणजे रोज. मी सांगतो त्यातलं हे एक वाक्य कुणीही जसंच्या तसं घ्यावं.

पाऊस मोजणं मला आधी सोपं वाटायचं. आमच्याकडं पाऊस विचारला की माणूस सांगतो, वीतभर ओल गेली, किंवा पेरण्यापुरता झाला, किंवा नुसता धूळ बसवून गेला. बायकोला यातलं काही चालत नाही. माप सपाट फरशीवर ठेवायचं. पाण्याच्या रेषेत डोळा आणायचा, त्यासाठी सरळ पोटावर पडायचं. पाणी काचेला धरून कडेनं थोडं वर चढतं, ती लबाडी धरायची नाही, मधला खळगा धरायचा. जवळ झाड नको. नळकांड्यावर सावली धरणारा माझा लाडका कडुलिंब तिनं एका सकाळी असा छाटला, की त्यानं नंतर आमच्या घरावर सावलीच टाकली नाही. एकदा शेजाऱ्याची बकरी बाटलीतलं पाणी प्यायली, तर बायको बकरीला दोष न देता रकान्यात लिहून मोकळी झाली, "नोंद नाही. बकरी." मी असतो तर बकरीचं पोट दाबून आकडा काढला असता.

पण मला तिचं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? तिचे उन्हाळे. एप्रिल-मेमध्ये आभाळात चिमणीच्या पंखाएवढाही ढग नसतो. उन्हानं आमच्याकडची कोंबडी उकडलेलीच अंडी घालते. अशा दिवसातही ती साडेआठला डोक्यावर पदर घेऊन शेतात जाते, बाटली उघडते, आत पाहते, बंद करते, आणि घरी येऊन लिहिते: निरंक. दुसऱ्या दिवशी पुन्हा निरंक. मी एकदा म्हणालो, अवो, बसल्या जागी महिनाभराचे निरंक लिहून टाका ना, पाय तरी वाचतील. ती म्हणाली, "पाहिल्याशिवाय लिहिलेलं निरंक म्हणजे कोरा कागद." सगळ्या जगाला पडलेला पाऊस दिसतो. न पडलेला पाऊस जाऊन पाहणारी बाई माझ्या घरात आहे, याचा मला एवढा गर्व आहे की तो त्या नळकांड्यात मावणार नाही.

हळूहळू तिनं अख्खा नाला मापात बांधून घेतला. घाटाच्या मध्यावरच्या देवळात दुसरं नळकांडं गेलं, तिसरं भावाच्या वाडीत. तिन्हीकडं पाऊस वेगळा पडतो हे तिनं आम्हाला दाखवलं. एकाच नाल्याच्या तीन ठिकाणी तीन तऱ्हा. आणि वरचं पाणी खाली पोचायला किती वेळ लागतो हेही तिनं काढलं. ते तिनं मिनिटांत लिहून ठेवलंय, पण माहेरच्या बायकांना सांगताना ती म्हणते, वर जोराचा धरला तेव्हा पुरणाची डाळ शिजत टाकली, तर पुरण वाटून होता होता पाणी दारात येतं.

मग रिवाजच पडला. वर माप चढलं की ती भावाला फोन करते. "चाळीस झाला, मोटर काढ." एवढंच. साळा मोटर काढतो, शेजारच्यांना ओरडून सांगतो, आणि पात्र रिकामं होतं. खालच्या गावात ताईच्या आकड्याला कुणी का म्हणून विचारत नाही.

आता माझ्या आकड्याचं. सासुरवाडीत माझ्या बोलण्यावर सूट चालते. रुपयाचे चार आणे. जावई म्हणाला घाटात वाघ पाहिला, तर बिबट्याचं पिल्लू धरायचं. जावई म्हणाला आमच्या सीताफळात किलोभर गर निघतो, तर पावशेराच्या आसपास समजायचं. हा भाव सासऱ्यांनी लग्नाच्या पंगतीतच ठरवला, आणि खरं सांगायचं तर तो मला परवडत होता. चार आणे तरी ते धरत होते. माझ्या स्वतःच्या गावात तेवढेही मिळत नाहीत.

तर त्या वर्षी पोळ्याला सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. चुलीपुढं बसायची मनाई. पोळा आणि घरात पुरण नाही असं चालणार नव्हतं, म्हणून बायको आदल्या दिवशीच माहेरी गेली. जाताना तिनं मला माप हातात दिलं. लग्नात तिच्या बापानं तिचा हात माझ्या हातात देतानाही एवढी काळजी केली नसेल.

"साडेआठला मोजा. मधेच जोराचा आला तं घड्याळ पाहू नका, मोजा आन् भावाले फोन करा. उद्या सगळं गाव पात्रात आहे."

मी हो म्हणालो.

"आन् माझ्या मापासंगं खोटं बोलू नका," ती म्हणाली.

तिची काळजी कशाची होती ते सांगतो. पोळ्याच्या सकाळी खालच्या गावाचे सगळे बैल एकाच वेळी नाल्यात उतरतात. घाट संपतो तिथं एक डोह आहे, श्रावणात त्यात बैलाच्या पोटाएवढं पाणी असतं. तिथं बैल घासायचे, शिंगं साळायची, आणि कुणीही आधी निघायचं नाही. मानाची जोडी म्हणजे माझ्या सासुरवाडीची; ती सगळ्यात शेवटी धुतात. ती पात्राबाहेर पडली की मग तिच्यामागं सगळं गाव निघतं, आणि ती निघाल्यावर मागं थांबणं हा त्या जोडीचा अपमान. म्हणजे मानाची जोडी हलेपर्यंत गावातला एकूण एक बैल, धरणाऱ्या माणसासकट, पात्रात.

सकाळी साडेआठला मी पोटावर पडून मोजलं. निरंक. मोठ्या रुबाबात तसं लिहिलं. आणि मी उठून कपडे झटकतो न झटकतो तोच पश्चिमेकडून आभाळ असं आलं, की आमच्या गावातल्या कोंबड्या संध्याकाळ समजून खुराड्यात गेल्या.

मी कसाबसा घरी पोचलो आणि मग जे सुरू झालं त्याचं वर्णन करायला मला आयुष्यात पहिल्यांदा शब्द कमी पडताहेत, यावरून काय ते समजा. थेंब नव्हतेच. वरून कुणीतरी हौदाची मोरी काढली होती. आमच्या अंगणातली बादली भरली, सांडली, तरंगली आणि फाटकातून निघून गेली. हा काळ कितीही वाटला तरी फार मोठा नव्हता. जरा ओसरला तसा मी छत्री टाकून शेतात पळालो. बाटली काठोकाठ भरून बाहेरच्या नळकांड्यातही पाणी उतरलेलं. मापात पंचवीस मिलिमीटर बसतात. एकदा भरलं, ओतलं. दुसऱ्यांदा भरलं, ओतलं. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा मी चिखलात पोटावर पडलो, डोळा रेषेत आणला, कडेची लबाडी सोडली, मधला खळगा धरला. बावीस. एकूण सत्त्याण्णव.

मी तसाच पडून राहिलो. जन्मभर मी पावसाच्या थापा मारल्या, पण एवढ्याशा वेळात एवढा पाऊस मी कधी कुणाला सांगितला नव्हता. धजावलोच नसतो. खऱ्यानं मला मागं टाकलं होतं.

बाटली परत बसवून मी बायकोला फोन लावला. वाजत राहिला. तिचे हात कामात असणार. साळ्याला लावला. त्यानं उचलला. मागं घुंगरं, माणसांचा कालवा, पाण्याचा चुबुक चुबुक आवाज.

"सत्त्याण्णव," मी म्हणालो. "आत्ता मोजलं. बैल काढा."

साळ्यानं ते मोठ्यानं बाकीच्यांना सांगितलं. पात्रात हशा उठला. कुणीतरी म्हणालं, चार आण्यानं धर बे. कुणीतरी हिशेब केला, पंचवीस म्हणजे काही पाणी येत नाही.

"हाव भाऊजी, काढतो ना," साळा म्हणाला. "अठी ऊन पडून राह्यलं. मानाची जोडी तेवढी होऊ द्या."

आणि फोन कटला. पुन्हा लावला तर रेंज नाही. टॉवरनं मान टाकली होती.

गंमत म्हणजे, थोडा वेळ मी खुशीत होतो. खरं बोललो होतो, तेही पहिल्या झटक्यात. टॉवेलनं डोकं पुसता पुसता माझ्या ध्यानात आलं, की सूट गिऱ्हाईक बघून लागते, माल बघून नाही. मी खरा माल पाठवला होता, पण दुकान तेच होतं. चारशे म्हणालो असतो तर एव्हाना पात्र रिकामं झालं असतं.

मी मोटरसायकल काढली. पावसात ती एका किकला सुरू झाली, हे मी पुढं कुणाला सांगितलं तर विश्वास बसला नाही. घाटाचं पहिलं वळण गेलो, दुसऱ्या वळणावर रपटा आहे, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. रपटा नव्हता. तिथं नाला होता, तपकिरी, फेसाळ, आणि त्याच्यातून एक अख्खं बाभळीचं झाड बसस्टॉपवरून निघाल्यासारखं चाललं होतं. मी या काठाला. वळणावरून खालचं गाव दिसतं. तिथं ऊन होतं. डोहाजवळ पांढरे, तांबडे ठिपके गोळा झालेले दिसत होते, आणि माझ्या पायापाशी जे पाणी होतं ते त्यांच्याकडं निघालेलं. मी ओरडलो. माझा आवाज तीन तालुक्यांत ऐकू जातो असं मी सांगत असतो. तो त्या नाल्यापलीकडंही गेला नाही.

खाली काय झालं ते मी नंतर चौघांकडून चार वेळा ऐकलं आणि चारही वेळा एकसारखंच ऐकलं, म्हणून ते इथं आहे तसं देतो.

साळा मानाच्या जोडीची झूल विसरला होता. ती न्यायला तो घरी आला. बायको पुरणयंत्र फिरवत बसलेली, शेवटचा घाणा. झूल खांद्यावर टाकता टाकता तो हसत म्हणाला, "भाऊजीचा फोन होता. सत्त्याण्णव पडला म्हणे."

तिचा हात थांबला. "शंभर म्हणले का सत्त्याण्णव?"

"सत्त्याण्णव. आमी पंचवीस धरला."

"खोटं बोलायचं असतं तं दोनशे म्हणले असते," ती म्हणाली. "सत्त्याण्णव ते पोटावर पडल्याशिवाय म्हणत नाईत."

मग तिनं समोरच्या पातेल्याकडं पाहिलं. डाळ केव्हाच शिजली होती. पुरण वाटून होत आलं होतं.

ती तशीच उठली आणि पुरणाच्या हातानं नाल्याकडं धावली. वाटेत तिनं कुणाला हाक मारली नाही, समजावलं नाही. समजावत बसली असती तर उन्हाकडं बोट दाखवणारे पन्नास निघाले असते. ती सरळ डोहात उतरली, कमरेएवढ्या पाण्यातून मानाच्या जोडीपाशी गेली, धरणाऱ्याच्या हातातून कासरा घेतला आणि निघाली. जोडी अर्धी धुतलेली, एका बैलाच्या पाठीवर साबणाचा फेस तसाच. माहेरवाशिणीला पोळ्याच्या दिवशी कोण अडवणार? आणि मानाची जोडी निघाली म्हटल्यावर मागं कोण थांबणार? ओरडत, कुरकुरत, शिव्या गिळत सगळं गाव तिच्यामागं काठावर चढलं. शेवटच्या बैलाचे मागचे पाय पात्रातून निघाले तेव्हा घाटाच्या तोंडातून आवाज आला.

त्या आवाजाचं वर्णन कुणीच करत नाही. विचारलं की सगळे घाटाकडं पाहतात.

पाणी आलं ते डोह, दगड, घासण्या, बादल्या आणि कुणाचीतरी धुवायला आणलेली मोटरसायकल घेऊन गेलं. बैल एकही नाही. माणूस एकही नाही.

दुपारी रपटा उघडा पडला तसा मी खाली पोचलो. बैल सजून उभे होते. झुली, बाशिंगं, गोंडे, आणि मानाच्या जोडीतल्या एकाच्या वशिंडावर पुरणाचे पाच बोटांचे ठसे, ते कुणी पुसले नव्हते. सासूबाई काळा चष्मा लावून ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "जवाईबापू, एका डोयानं पाह्यलं म्या, पण पुरं पाह्यलं." बाकी माणसं माझ्याकडं अशी बघत होती, जशी आजवर फक्त बायकोकडं बघायची. मला ते झेपेना. कुणीतरी चार आणे म्हणावं असं वाटायला लागलं.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"माप ओतल्यावर बाटली परत लावली का?"

"लावली."

"नरसाळं सरळ बसलं?"

"सरळ."

मग तिनं तांब्या दिला.

संध्याकाळी तोरणाखाली मला झडती, म्हणजे पोळ्याची चढाओढीची तुकबंदी, म्हणायला लावली. दरवर्षी मी झडतीत नाल्याचं पाणी आभाळाला लावतो. यंदा लावलं तर कुणी हसेना. सगळे गंभीरपणे माना हलवायला लागले. पहिल्यांदाच माझी झडती फसली. मग साळ्यानं सगळ्यांदेखत बहिणीला विचारलं, आता भाऊजीच्या रुपयाचं काय करायचं.

ती म्हणाली, "गोल आकडा असला तं चार आणेच धरायचे."

गाव हसलं, आणि माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी साडेआठच्या आत आम्ही वर शेतात होतो. ती चिखलात पोटावर पडली. मी निघाल्यावर बाटलीत आणखी सहा पडले होते. तिनं माझ्या निरंकच्या खालच्या ओळीत, माझ्या सत्त्याण्णवात ते मिळवून एकशे तीन लिहिले. शेऱ्याचा रकाना रिकामा. मी म्हणालो, निदान तिथं लिहा की पोळा होता, गावाचे बैल वाचले. ती म्हणाली, शेऱ्यात पावसाचं लिहितात, बैलांचं नाही. मी म्हणालो, बकरीचं कसं लिहिलं मग? ती म्हणाली, बकरी पाऊस प्यायली होती.

त्याच्या दुसऱ्या सकाळी तिचं अंग दुखत होतं. त्या धावपळीचं असावं. मी म्हणालो, मी जातो. शेतात गेलो, पोटावर पडलो, पाहिलं, परत आलो. ती पेन घेऊन बसली होती.

"किती?"

"निरंक."

मला वाटलं, ती आता उठेल, चपला घालेल, स्वतः जाऊन पाहील. ती उठली नाही. तिनं चष्मा सरळ केला आणि लिहिलं: निरंक.

तळाशी एक थेंब होता. पण तो दवाचा. दव धरत नाहीत.